दोर घरच्याच हाती

१९८६ च्या मे महिन्यात, एका रविवारी भर दुपारी, डेन्मार्कची एक बाई पाठीला हवेचं नळकांडं, हातात बदकाच्या पावलांसारखे रबरी पाय आणि कपाळावर भलामोठा काचेचा चष्मा अशा थाटात आमच्या तारापूरच्या किनाऱ्यावर समुद्र शोधत चालली होती. समुद्र त्या वेळी घरी नव्हता. आमच्याकडे ओहोटीला पाणी मैलभर आत जातं. मैल म्हणजे माझा मैल, तुम्ही पाऊण समजा. बाई चालत होती आणि पाणी तिच्यापुढे चालत होतं. मी शिंपल्या वेचत बसलो होतो, तो हातातलं काम सोडून बघत राहिलो. शेवटी तिला पाणी गाठता आलं ते गुडघाभर. त्यात ती पालथी झोपली. तोंड पाण्यात, नळकांडं उन्हात. थोड्या वेळाने उठली तेव्हा पुढून आमच्या चिखलाच्या रंगाची झाली होती आणि मागून गोरी.

परत येताना ती माझ्यापाशी थांबली. माझं इंग्रजी तेव्हा पस्तीस शब्दांचं होतं, त्यांतले बारा मशीनचे. तरी आमचं जमलं.

"इथे खोल पाणी कुठे आहे?"

"बावीत," मी म्हटलं.

आमच्या भागात विहिरीला बाव म्हणतात. मी कुंभवलीला रंगाच्या कारखान्यात पिंपं धुवायला होतो, पण माझं खरं काम बावींचं. पाम गावापासून मनोरपर्यंत कोणाच्या बावीत कळशी पडो, पंपाचा पाइप अडको की सुनेची बांगडी, बोलावणं मलाच. बुडी मारायची, हाताने चाचपायचं, वर यायचं. श्वास किती वेळ धरतो असं लोक विचारत. मी एवढंच सांगतो, की एकदा पामला एका घरी बुडी मारली तेव्हा त्यांच्याकडे पाहुणे जेवायला बसत होते, आणि वर आलो तेव्हा ते पान खाऊन निघून गेले होते.

ही बाई, बिर्गिट तिचं नाव, आमच्याच कारखान्यात नवं मशीन बसवायला आलेल्या येन्सेनसाहेबांची मुलगी. तेवीस वर्षांची. ती डाईव्हमास्टर होणार होती. डाईव्हमास्टर म्हणजे हौशी लोकांना समुद्राखाली नेऊन फिरवणारा आणि जितके नेले तितके मोजून वर आणणारा माणूस. अजून ती शिकाऊ होती. एक सोडून सगळ्या परीक्षा झालेल्या. तांबड्या समुद्रावर एका बोटीत तिची नोकरी पक्की होती, पण शेवटच्या परीक्षेचं पान भरून मास्तरांकडे गेलं तरच. ते पान तिने मला दाखवलं. अनोळखी पाणी हवं, आपलाच हात आपल्याला दिसणार नाही इतकं गढूळ. त्यातून पन्नास किलोंच्या वरचं वजन काढायचं. सोबत पाणबुड्या नसलेला एक माणूस खाली नेऊन सुखरूप वर आणायचा. वर थांबून दोर धरणाऱ्या माणसाने सही करायची. प्रयत्न दोन, तिसरा नाही. आणि पुढच्या सोमवारी मुंबईहून तिचं विमान.

डेन्मार्कचं पाणी काचेसारखं, तिथे गढूळपणा मिळेना म्हणून ती बापाबरोबर इथे आली होती. म्हणजे आमच्याकडची एक वस्तू अखेर परदेशात नसलेली निघाली.

पन्नास किलोंचं ऐकून मला नरहरीची पाणी उपसायची मोटार आठवली. पामच्या पुढे नरहरीची पानवेलींची वाडी. त्याची बाव जुनी, घडीव दगडांची, मे महिन्यातही तीन पुरुष, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहिली तरी बुडतील इतकं, पाणी असलेली. मोटार आत फळीवर ठेवलेली असे. चार दिवसांपूर्वी फळी मोडली आणि पाच हॉर्सपॉवरची मोटार तळाला गेली. मी दोनदा खाली जाऊन आलो होतो. ती गाळात निम्मी रुतलेली, वर एका दगडाच्या कपारीत तिचं तोंड अडकलेलं. एका श्वासात गाळ उपसणं आणि खालून दोर घालणं होण्यासारखं नव्हतं. नरहरी शेजाऱ्याच्या इंजिनावर कशीबशी वेली भिजवत होता.

सोमवारी बाईला घेऊन मी बावीवर गेलो. येन्सेनसाहेबांनी मला कारखान्यातून आठवडाभर मागून घेतलं होतं, 'सुरक्षेच्या कामासाठी'. नळकांडी भरायचीही सोय झाली. धूर झाला तर तोंडाला लावायच्या हवेच्या टाक्या कारखान्यात होत्या, त्या भरायच्या यंत्रावर बाईचीही नळकांडी भरून मिळाली.

बावीच्या काठावर नरहरीची आई गोजराबाई बसली होती. वय ऐंशीच्या घरात, नजर चांगली.

"ही कोन?"

"साहेबांची मुलगी. मोटार काढायला आलीय," मी म्हटलं.

"हिचा दोर कोन धरनार?"

"मी आहे की. नाहीतर देवू आहे." देवू हा नरहरीच्या वाडीवरचा गडी, डोंगराकडचा, हातात बैलाची ताकद.

"तू हिचा कोन? देवू हिचा कोन?"

इथे अडलं. आमच्याकडे बावीत उतरणाऱ्याचा दोर त्याच्या घरचंच माणूस धरतं. त्याच चुलीवर जेवणारं. भाऊ, बाप, बायको, कोणीही चालेल, पण परका नाही. माझा दोर बावीस वर्षं माझ्या बायकोच्या, जयवंतीच्या हातात. परक्याचं लक्ष उडतं असं जुनी माणसं म्हणतात. माझ्या आजोबांचा दोर एकदा मजुरीच्या माणसाकडे होता. त्याला शिंक आली, दोर सुटला. आजोबा खालून चिडून दोर शोधायला निघाले ते शेजारच्या बावीतून वर आले असं आमच्या घरात सांगतात. मी तेव्हा नव्हतो, म्हणून मी छातीठोक सांगत नाही.

"आये, परदेशी मानसाला कसला घरचा आनि भायेरचा?" नरहरी म्हणाला.

"पानी परदेशी हाय का?"

बाईच्या घरचं माणूस म्हणजे येन्सेनसाहेब. त्यांना जीपने आणलं. साहेब सव्वाशे किलोंचे. त्यांनी बावीत एकदा डोकावून पाहिलं, तीन पावलं मागे सरले आणि मुलीला काहीतरी म्हणाले. बाईने मला समजावलं, की खोल खड्डा पाहिला की त्यांना गरगरतं. ते जीपमध्ये जाऊन बसले.

मला वाटलं बाई रागावेल. ती उलट वही काढून विचारायला लागली, की ही पद्धत कशासाठी, कोण धरू शकतं, कोण नाही. तिच्याही पुस्तकात दोर धरणाऱ्या माणसाचं वेगळं पान होतं. "आमच्याकडे त्याला शिकवलेलं लागतं. तुमच्याकडे तो आपला लागतो," ती म्हणाली. "मला दोन्ही चालेल. पण सोमवारच्या आत."

तोवर जयवंती माझा डबा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, बाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गोजराबाईंना म्हणाली, "आत्या, तीन दीस आमच्या चुलीवर जेवू दे तिला. मग ती घरचीच. दोर मी धरीन."

गोजराबाईंनी मान डोलावली. तीन दिवसांचा नियम कुठून आला ते मला ठाऊक नाही. जयवंतीने तो तिथल्या तिथे केला असावा. पण तो इतक्या ठामपणे सांगितला गेला, की पुढे दोन-चार गावांत तो जुना म्हणून चालू झाला.

मंगळवारी बाई बोईसरच्या गेस्ट हाऊसमधून बिछाना उचलून आमच्या पडवीत आली. पहिल्या दिवशी तिने सुकट खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी तिनेच मागून घेतली. तांदळाची भाकरी थापायला बसली तर तिची भाकरी ताटात एक मोठा तुकडा आणि भोवती पाच-सहा लहान अशी उतरली. ती म्हणाली, डेन्मार्क असाच दिसतो. जयवंती म्हणाली, "दिसू दे. पन भाजनार कसा?"

बुधवारी मी आणि बाई आणखी सामान जमवायला निघालो. मोटार ओढून काढली तर कपारीत फुटेल, म्हणून बाईला ती हवेने उचलायची होती. पाण्याखाली फुग्याला मोटार बांधायची, फुग्यात नळकांड्यातली हवा भरायची, तो मोटारीला घेऊन वर येतो. फुगा म्हणून मनोरच्या टायरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली. बोईसरला चंद्रभान म्हणून लेथवाला होता, त्याने ट्यूबला बांधायचं कडं करून दिलं. बाई कुठे उतरणार हे ऐकून तो म्हणाला, "मेमसाब, हमारे गाँव में लोग कुएँ में गिरते हैं। जाते कोई नहीं।"

दुपारी आणि संध्याकाळी अंगणात खुणांची शाळा. पाण्याखालून बोलता येत नाही, दोराला हिसके देऊन बोलायचं असतं. आणि इथेच बाई आणि जयवंती, दोघींचं पटेना.

आमच्या खुणा साध्या. एक हिसका म्हणजे 'मला वर घे'. दोन म्हणजे 'ढील दे'. तीन म्हणजे 'काम झालं'. बाईच्या पुस्तकात उलटं. एक हिसका म्हणजे 'मी ठीक आहे'. दोन म्हणजे ढील, ते जुळलं. चार म्हणजे 'संकटात आहे, ओढा'.

"एक हिसका दगडाला अडकूनही बसतो," बाई म्हणाली. "म्हणून संकटाला चार. चुकून चार बसत नाहीत."

मी ते जयवंतीला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "बुडनाऱ्याच्या हातात एकाच हिसक्याची ताकद उरते. चार हिसके द्यायची ताकद असंल तर ती बुडत नाय."

मी हे बाईला सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, की बरोबर आहे, पण परीक्षेचं पान पुस्तकाप्रमाणे व्हायला हवं. पुस्तकात छापलंय म्हटल्यावर जयवंतीनेही मानलं. छापलेल्या गोष्टीचा तिला मान. दोन दिवस त्या दोघी पुस्तकाप्रमाणे हिसके देत राहिल्या. जयवंती एकदाही चुकली नाही. अंगणात.

शुक्रवारी सकाळी आम्ही उतरलो. पाणबुड्या नसलेला सोबतचा माणूस म्हणजे मी. मी बावीस वर्षं बुड्या मारत होतो, पण चोच तोंडात धरून पाण्याखाली श्वास घेणं माहीत नव्हतं, तेव्हा पुस्तकाच्या लेखी मी कोराच. बाईच्या नळकांड्याला दोन रबरी चोची होत्या. एक तिच्या तोंडात, एक माझ्या. आम्ही वासरांसारखे एकाच गाईला लागलेलो. दोघांच्या कमरेला दोर, दोन्हींची टोकं जयवंतीकडे.

पहिल्या पुरुषापर्यंत हिरवं दिसत होतं. मग काळं. तळाला पाय लागले आणि गाळ उठला, तसं काहीच उरलं नाही. मी सवयीप्रमाणे डोळे मिटून घेतले होते, आणि मला मोटारीचं चाक लगेच हाताला लागलं. बाईने माझा हात धरला, मोटारीवर ठेवला, दंड दोनदा दाबला, म्हणजे 'ठीक ना?' सगळं तिने आखल्याप्रमाणे चाललं होतं. मग तिने पुस्तकाप्रमाणे दोराला एक हिसका दिला. 'मी ठीक आहे.'

वर जयवंतीच्या हाताने बावीस वर्षांची भाषा ऐकली. तिने ओढलं.

पाण्यात माणूस हलका असतो. बाई माझ्या हातातून अशी सुटून गेली, की जणू वरून कोणी कळशी शेंदली. तिच्याबरोबर नळकांडं गेलं आणि नळकांड्याबरोबर माझ्या तोंडातली चोच. मी तळाला, काळोखात, तोंडभर गाळ. मला त्याचं फार नाही. मी दगड चाचपत वर आलो आणि पायरीला धरून थुंकत बसलो. पण बाईने वर आल्याबरोबर मला पाहिलं नव्हतं. ती पुन्हा खाली शिरत होती, चष्मा तिरपा झालेला, तेव्हा देवूने वरून हाळी दिली, "बाय, दादा हतंच हाय. पायरीवर."

तिने मला तीनदा विचारलं ठीक आहेस का. तिन्ही वेळा मी हो म्हटलं. मग ती काठावर आली, हात पुसले, वही घेतली आणि लिहायला लागली. मी मागून वाचलं. थोडं समजलं, बाकीचं तिने सांगितलं. 'प्रयत्न पहिला. अयशस्वी. सोबतचा माणूस तळाला हवेशिवाय राहिला. चूक उमेदवाराची. दोर धरणाऱ्याला त्याच्या हाताला न बसणारी खूण दिली.'

"हे कशाला लिहिता?" मी म्हटलं. "बावीत कोण बघायला येतंय? कागद भिजला म्हणा. आमच्याकडे कागद फार भिजतात."

"तू खाली होतास," ती म्हणाली.

"मी कोणाला सांगणार नाही."

"तसं नाही. जितके नेले तितके वर आणायचे, माझं काम एवढंच आहे. मी वर आले, आणि तू खाली होतास."

जयवंती बाजूला दोर गुंडाळत होती. "मला समजत होतं पुस्तकातलं," ती मला म्हणाली. "डोक्याला समजत होतं. हाताला कोन सांगनार? तिला म्हनावं, माजी चूक हाय, माज्या नावावर लिव."

मी बाईला सांगितलं. बाईने नकारार्थी मान हलवली आणि वही मिटली.

तिची नोकरी आता एका प्रयत्नावर आली होती. संध्याकाळी साहेब आले. तिला म्हणाले म्हणे, की राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ती जेवली नाही. जयवंतीने ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "चुलीवरचं सोडलंस तर भायेरची होशील." मी हे इंग्रजीत सांगण्याआधीच बाईने भाकरी मोडली.

शनिवारी सकाळी तिने मला जयवंतीपुढे बसवलं आणि म्हणाली, "तिला सांग, आता तुमच्या खुणा मला शिकव. पुस्तकात लिहिलंय की दोन्ही टोकांच्या माणसांनी आधी ठरवलेली कुठलीही खूण चालेल. ते वाक्य मी वाचलं होतं. मला वाटलं ते ठरवायचं काम माझं."

"आनि दगडाचा हिसका?" जयवंतीने विचारलं. "त्याला भीत होती ना ती?"

"हो. दगडाला अडकून एक हिसका बसला तर?" बाई म्हणाली.

"दगडाचा हिसका येगला, मानसाचा येगला."

हे बाईला पटेना. मग गोठ्याच्या भिंतीला खिडकी आहे तिच्यातून दोर घातला. जयवंती पलीकडे, पाठ करून. अलीकडे बाई. बाईने हिसका द्यावा, पलीकडून आवाज यावा, "मानूस." दोर फांदीला अडकवून फांदी वाकवून सोडावी, "झाड." म्हशीच्या शिंगाला बांधला, "म्हस. सोडा तिला, गाभन हाय." बाईने दगडाला गुंडाळून दगड ढकलला, "दगड." ती दुपारपर्यंत हे करत राहिली. एकदा मी गुपचूप बाईला बाजूला केलं आणि तिच्यासारखाच हलका हिसका दिला. पलीकडून आवाज आला, "तुमी बाजूला व्हा. तिला शिकू द्या."

बाईने त्या दिवशी वहीत दोन पानं लिहिली. नंतर ती डोळे मिटून अंगणातल्या वस्तू चाचपू लागली. उखळ, पाटा, सायकलची चेन. मी तिला सांगितलं होतं, की गाळात डोळे उघडे ठेवून फक्त डोळे दुखतात. "खाली गेल्यावर मिटून घ्या. दिसायला लागेल."

रविवारी बावीवर निम्मं पाम जमलं होतं. नरहरीने पानांची पेटी उघडून सगळ्यांना पान दिलं. गोजराबाई त्याच जागी. साहेबही आले, पण जीपपाशीच उभे राहिले, बावीकडे पाठ करून.

आम्ही उतरलो. तळाला बाईने माझा दंड दोनदा दाबला. मी दोनदा दाबून उत्तर दिलं. मग आम्ही दोघं डोळे मिटलेली माणसं गाळ उपसू लागलो. ती हाताने काढी आणि मी बाजूला सारी. किती वेळ ते मला सांगता येत नाही, कारण मी पहिल्यांदाच श्वास न मोजता बावीत बसलो होतो. मजा वाटत होती. मनात आलं, की असं असेल तर माणसाने वर कशाला जावं? तेवढ्यात बाईने माझ्या तोंडातली चोच नीट केली. गाळ गेलेला, तो तिने झटकला. तिला दिसत नव्हतं. तरी दर थोड्या वेळाने तिचा हात येऊन माझ्या दंडाला, मग चोचीला, मग दोराला लागून जाई. मोटार सोडून ती मला चाचपत होती.

ट्यूब बांधून झाली. तिने आपल्या नळीने ट्यूबमध्ये हवा सोडायला सुरुवात केली. गाळ मोटारीला सोडेना. ट्यूब टम्म झाली. बाईने मला कोपऱ्यात सारलं, स्वतः माझ्यापुढे उभी राहिली, आणि मोटारीखाली हात घालून एका बाजूने गाळ मोकळा केला. त्यासरशी मोटार सुटली. मोटार, ट्यूब आणि तिच्याबरोबर दोन मण चिखल एकदम वर गेला. जाताना मोटारीचा बाईच्या दोराला जोराचा एक हिसका बसला.

वरचं मला देवूने नंतर सांगितलं. पाणी फुटून ट्यूब काठाच्या वर आली, तिथल्या माडावर बसलेले दोन कावळे ओले झाले. देवू आणि लोक साखळी घेऊन मोटारीकडे धावले. पण जयवंती हलली नाही. दोर तिच्या हातात एकदाच ताणला गेला होता.

"वैनी, हिसका आला. वडा," देवू म्हणाला.

"तो मोटारीचा."

"नक्की काय? खाली दादा हाय."

"मला ठावं हाय खाली कोन हाय."

तिने ओढलं नाही. दोर नुसता बोटांवर धरून ती बसली. गोजराबाईंनी लोकांना गप्प केलं. खाली आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. बाई आधी माझा दंड शोधत होती. सापडला. दोनदा दाबला. मी दाबून उत्तर दिलं. मग तिने माझी चोच पाहिली, मग स्वतःचा दोर हातात घेतला आणि सावकाश तीन हिसके दिले.

जयवंती म्हणाली, "हां. ही ती."

आम्ही दोघं एकत्र वर आलो, माझा हात तिच्या हातात. नरहरीची मोटार काठावर चिखलाने भरलेली होती. ती वाळवून पुन्हा चालू झाली, पण ते नंतर. बाईने चष्मा काढला, परीक्षेचं पान जयवंतीपुढे केलं. सहीच्या वर लिहायचं होतं: नाव, आणि या कामाचा अनुभव. जयवंतीने शाळेत शिकलेल्या गोल अक्षरात लिहिलं, 'सौ. जयवंती कृष्णकांत. वर्षे बावीस. बुडालेले: कोणी नाही.' शेवटचं विचारलेलं नव्हतं.

सोमवारी बाई गेली. दोन्ही पानं ती मास्तरांकडे द्यायला घेऊन गेली, वहीतलं शुक्रवारचंही. ते देऊ नका म्हणून मी शेवटपर्यंत सांगून पाहिलं.

जून महिन्यात येन्सेनसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. डेन्मार्कहून टेलेक्सवर निरोप आला होता. तिच्या मास्तरांनी लिहिलं होतं, की रविवारचं काम चोख आहे. पण शुक्रवारी उमेदवाराने सोबतचा माणूस तळाला सोडला, हे ते विसरू शकत नाहीत. निकाल अडलेला आहे. दोर धरणाऱ्या बाईंना एकच प्रश्न विचारावा आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत पाठवावं: या मुलीच्या हाती तुम्ही तुमच्या घरचं माणूस पाण्याखाली सोपवाल का?

मी घरी जाऊन जयवंतीला वाचून दाखवलं. मी उत्तराचा कच्चा मसुदा वाटेतच मनात केला होता. त्यात मोटार दोनशे किलोंची होती, बावीत सुसरी होत्या, आणि बाईने एका हाताने मला आणि एका हाताने मोटार आणली होती. जयवंतीने तो ऐकून घेतला.

"झालं?"

"झालं."

"आता मी सांगते तेवडंच लिवा."

तिने तीन वाक्यं सांगितली. मी ती लिहून साहेबांना दिली, त्यांनी इंग्रजीत करून टेलेक्सवर घातली. 'शुक्रवारी सोपवलं होतं, तेव्हा तिच्याकडून सुटलं. रविवारी मी परत सोपवलं. तो माझा नवरा आहे.'

दुसऱ्या दिवशी तिकडून एकच शब्द आला. उत्तीर्ण.

जुलै संपता संपता बाईचं कार्ड आलं, चित्रात निळा समुद्र. बोटीवर रुजू झाली होती. लिहिलं होतं, की इथलं पाणी इतकं स्वच्छ आहे की वीस पुरुष खालचा मासा वरून मोजता येतो, आणि ती रोज आठ माणसं खाली नेऊन आठ वर आणते.

जयवंतीने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "एवडं दिसतंय तर त्यांना न्यायला मानूस कशाला लागतंय?" ती म्हणाली, आणि कार्ड फळीवर ठेवून भाकऱ्या थापायला बसली.